टेरेसच्या पांढऱ्या कोटचा रिव्ह्यू: वरच्या मजल्यावाल्यांनी एसी घ्यायच्या आधी वाचा

ज्यांना पुढचं वाचायचा कंटाळा येईल त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. नाशकात वरच्या मजल्यावर राहताय, डोक्यावर थेट उघडा स्लॅब आहे, आणि दर एप्रिलला घरात एसीचा विषय निघतो, तर आधी टेरेसवर ऊन परत फेकणाऱ्या रंगाचा पांढरा कोट मारा आणि मग एसीच्या शोरूमची पायरी चढा. पैसे वसूल आहेत. फक्त बादलीवर जे छापलंय त्यातलं निम्मं खरं आहे आणि दुकानदार जे सांगतो त्यातलं पाव, एवढं डोक्यात ठेवून घ्या.

आमचं घर सिडकोत, त्रिमूर्ती चौकाच्या बाजूला, खाली एक मजला वर एक. वरच्या खोल्यांवर सहाशे-साडेसहाशे फुटांचा स्लॅब, त्यावर जुना सिमेंटचा कोबा, इतक्या वर्षांत पार काळपट पडलेला. नाशिक म्हणजे थंड हवा हे आता फक्त मुंबईचे पाहुणे म्हणतात, ते पण डिसेंबरात आले असतील तर. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो, कधी पुढे पण जातो. तरी दिवसाचं काही वाटत नाही एवढं, हवा कोरडी असते, सावलीत बसलं की निभतं, कूलर पण झकास चालतो. खरी वाट लागते रात्री. बाहेर गंगापूर धरणाकडून मस्त वारा सुटलेला असतो, गल्लीतली सगळी मंडळी ओट्यावर येऊन बसलेली असतात, आणि आत पंखा लावला की तो वरची तापलेली हवा खाली आणून अंगावर ओततो. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि ती उष्णता खालच्या बाजूला उतरायला काही तास घेते, म्हणजे दुपारचं ऊन तुम्हाला रात्री मिळतं. आमच्या बाबांनी कित्येक उन्हाळे टेरेसवर संध्याकाळी पाणी मारून काढलेत, त्याने थोडं बरं वाटायचं पण मे महिन्यात सिडकोत पाणी टेरेसवर ओतायचं म्हणजे शेजारचे जे बघतात ना, ते बघवत नाही.

तर वस्तू काय आहे. अ‍ॅक्रेलिकचा जाडसर, थोडा रबरी, पांढराशुभ्र कोट असतो, दह्यासारखा घट्ट, रोलरने मारायचा. कोणी कूल रूफ पेंट म्हणतं, कोणी हीट रिफ्लेक्टिव्ह, कोणी नुसतं समर कोट. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण बादलीवर काय बघायचं ते एकदा कळलं की चांगल्या कंपनीचं कुठलंही उचला, मोठा फरक नाही.

बघायचा आकडा एकच, एसआरआय. म्हणजे सोलर रिफ्लेक्टन्स इंडेक्स. यात दोन गोष्टी एकत्र धरतात, ऊन पडलं की त्यातलं किती परत फेकलं आणि जेवढं आत घेतलं त्यातली उष्णता किती सहज आकाशाकडे सोडून दिली. ठरलेल्या काळ्या पृष्ठभागाला ०, ठरलेल्या पांढऱ्याला १००, अशी ती पट्टी आहे, आणि चांगल्या कोटचा आकडा शंभरच्या वर निघतो, त्यात फसवाफसवी नाही, पट्टी शंभरावर संपत नाही एवढंच. यातली दुसरी गोष्ट लोक विसरतात. चंदेरी अ‍ॅल्युमिनियम पेंट चकाकतो म्हणून लोकांना वाटतं हा भारी असणार, पण तो घेतलेली उष्णता सोडायला फार कंजूष असतो, त्यामुळे उन्हात पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो. काही ठिकाणी अजून तोच गळ्यात मारतात, घेऊ नका.

रविवार कारंजा ते मेन रोड ह्या पट्ट्यात हार्डवेअरची जेवढी दुकानं लागली तेवढ्यात विचारत गेलो. एका ठिकाणचा संवाद जसाच्या तसा देतो.

"शेठ, याचा एसआरआय किती आहे?"

"ते काय माहीत नाही भाऊ, पण दहा डिग्री गॅरंटीने कमी होते."

"दहा डिग्री कुठे? स्लॅबच्या वर का खोलीत?"

"तुम्ही मारून तर बघा, कळेल ना."

मग एका दुकानात एक पोरगा भेटला, त्याने न विचारता मोबाइलवर कंपनीची डेटाशीट काढून दाखवली, त्यात एसआरआय पण होता, एका लिटरला किती फूट ते पण होतं आणि पुन्हा कोट कधी मारायचा ते पण. तिथूनच घेतलं. थोडं महाग पडलं, चालतंय. अजून एक, याच कंपन्यांचं टेरेसचं वॉटरप्रूफिंग कोटिंग पण असतं आणि ते पांढऱ्या, राखाडी, विटकरी अशा रंगांत येतं. विटकरी घेऊन आलात आणि घर थंड होईल म्हणून बसलात तर बसून राहाल. हे सगळं काम मुख्यतः पांढऱ्याचंच आहे.

खर्च सांगतो. आमच्या एरियाला एक पातळ आणि त्यावर दोन असे हात मारायला वीस लिटरची एक आणि दहाची एक अशा बादल्या लागल्या, त्यात क्रॅक फिलर, दोन रोलर, लांब दांडी, तारेचा ब्रश धरून नऊ हजाराच्या आतबाहेर गेलं. लेबर लावून करणाऱ्याने फुटाला चाळीस रुपये सांगितले होते, मालासकट. म्हणजे पंचवीस हजार. तो हिशोब ऐकून मेव्हण्याला फोन लावला.

आता कामाबद्दल, कारण यात कोणीच नीट सांगत नाही. रोलर फिरवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे, पोरं पण करतील. ऐंशी टक्के मेहनत आधीच्या साफसफाईची. कोपऱ्यात पावसाळ्याचं वाळलेलं शेवाळ असतं, ते काळ्या खपलीसारखं चिकटून बसतं आणि झाडूला दाद देत नाही, तारेच्या ब्रशने उकिडवं बसून घासावं लागतं. पॅरापेटला म्हणजे टेरेसच्या कठड्याला जिथे स्लॅब भेटतो तिथला सिमेंटचा वाटा (कोपऱ्यात भरलेला गोलावा) बऱ्याच घरांत फुटलेला असतो, तो आधी दुरुस्त करायचा. बारीक भेगा तारेने उकरून, धूळ फुंकून, मग फिलर दाबायचा, वरच्या वर लिंपला तर पावसाळ्याआधीच निघून येतो. मग धुवायचं, पूर्ण वाळू द्यायचं. आणि धुताना एक काम फुकटात होतं ते करा, एक बादली पाणी ओतून बघा ते कुठे साचतंय. जिथे साचतं तिथे थापीने सिमेंट मारून उतार काढून घ्या, कारण हा कोट पाऊस सहन करतो पण पाण्यात दिवसेंदिवस बुडून राहणं त्याला जमत नाही, तिथे फुगतो आणि पापुद्रा सुटतो. आमच्या शेजारच्या काकांच्या टेरेसवर बरोब्बर पाइपच्या तोंडाशी तेवढाच परातीएवढा गोल निघालाय, बाकी सगळं ठणठणीत.

पहिला हात पाणी घालून पातळ, प्रायमरसारखा, म्हणजे तो कोब्यात मुरतो. पुढचे दोन बिनपाण्याचे किंवा डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घालून, एक उभा आणि दुसरा आडवा, मध्ये चार-सहा तासांचं अंतर ठेवून. वेळ सकाळी उजाडल्यापासून दहापर्यंत, नाहीतर थेट उन्हं उतरल्यावर. भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर मारला तर रोलर फिरवतानाच सुकतो, धड पसरत पण नाही धड चिकटत पण नाही. थंडीत सकाळी दव असतं तेव्हा पण नको. आपल्याकडे फेब्रुवारीचा शेवट ते मार्च हा बेस्ट टाइम. आम्हाला मुहूर्त लागला तो रंगपंचमीचा, म्हणजे सगळं नाशिक रहाडीत (रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदांत) उड्या मारतंय आणि आम्ही दोघं टेरेसवर पांढरे झालेलो, खालून जाणारी पोरं वर बघून हसत होती. दाराकडून सुरू करू नका, टोकाकडून दाराकडे मागे मागे या. सांगायची गरज नाही म्हणाल, पण मेव्हणा दुसऱ्या कोपऱ्यात अडकला होता.

गॉगल लागतोच. आमची आई दुसऱ्या दिवशी वर गेली आणि डोळ्यावर पदर घेऊन खाली आली, "काय रे हे, बर्फ पडल्यासारखं केलंय, माझ्या कुरडया कुठे घालू आता?" पहिल्या वर्षी ती रुसूनच होती. मग बाबांचा मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा घालून वाळवण घालायला लागली, आता तिची तक्रार नाही, फक्त शेजारच्या उंच बिल्डिंगमधल्या एका बाईंनी डोळ्यावर उजेड येतो म्हणून एकदा सांगितलं. ते खरं आहे, तुमच्या समोर उंच बिल्डिंग असेल तर विचार करा.

आता फरक किती पडला. अंबडच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या मित्राकडून ती पिस्तुलासारखी थर्मामीटर गन आणली होती. पॅरापेटच्या बाहेरचा सज्जा मुद्दाम न रंगवता तसाच सोडला होता तुलनेसाठी. मे मधल्या दुपारी तो काळपट सिमेंटचा भाग साठीच्या जवळ, आणि बाजूचा पांढरा चाळीस-बेचाळीस. अनवाणी उभं राहता येतं, हे गनपेक्षा पण जास्त पटतं माणसाला. घरातून छताला गन लावली तर रात्री नऊच्या सुमाराला आमच्याकडे छत छत्तीसच्या आसपास, आणि रांगेतल्या बिनकोटच्या घरात, तसलंच बांधकाम, एक्केचाळीस-बेचाळीस. खोलीतल्या हवेत मात्र दोन-तीन डिग्रीचाच फरक. म्हणजे दुकानदाराची दहा डिग्री खोटी नाहीये, उलट वरती वीसचा फरक मिळाला, फक्त ती डिग्री टेरेसवर आहे आणि आपण झोपतो खाली. तरी छताचा तो पाच-सहाचा फरक झोपेला फार लागतो, कारण तापलेलं छत हवेतून तापवतं ते वेगळं आणि थेट अंगावर उष्णता फेकतं ते वेगळं, गरम तव्याशेजारी उभं राहिल्यासारखं. ते बंद झालं. (गनने मोजणार असाल तर चकचकीत स्टीलवर किंवा चंदेरी पत्र्यावर मोजू नका, आकडा खोटा येतो. रंग, सिमेंट, लाकूड यावर बरोबर येतो.)

बादलीवरचं जे मला खटकतं ते म्हणजे इन्सुलेशन हा शब्द. अर्धा मिलिमीटरचा थर काय इन्सुलेशन करणार राव. हा कोट ऊन आत शिरू देत नाही, पण जी उष्णता शिरली तिला अडवत नाही. केंद्र सरकारची घरांसाठीची ऊर्जा संहिता आहे, इको निवास संहिता २०१८, त्यात छतातून उष्णता जाण्याची मर्यादा १.२ ठेवलीय, चौरस मीटरला दर डिग्रीमागे वॅटमध्ये, आणि नुसत्या आरसीसी स्लॅबचा आकडा त्याच्या अडीच-तीन पट निघतो. कितीही पांढरा रंग मारला तरी तो आकडा हलत नाही. त्यासाठी वरती थर्मोकोलसारख्या शीटचा जाड थर आणि त्यावर कोबा असं करावं लागतं, ते आपलं आपण करायचं काम नाही आणि खर्च पण वेगळा. नवीन बांधत असाल तर जरूर करून घ्या, जुन्या घराला कोट बरा.

आणि हो, थंडी. निफाडचा पारा पेपरात झळकायला लागला की आमचं घर शेजाऱ्यांपेक्षा जास्त गार असतं. आधी दुपारी स्लॅब तापायचा त्याची ऊब संध्याकाळी मिळायची, ती गेली. चेन्नईवाल्यांना ही अडचण नाही, आपल्याला आहे. आम्हाला एक गोधडी जास्त घेऊन भागतं, पण घरात दमेकरी किंवा फार म्हातारं माणूस असेल तर डोक्यात असू द्या.

बिलाचं लोक पहिले विचारतात म्हणून लिहितो. बिल निम्म्यावर आलं असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडे एसी दिवसभर चालत असणार किंवा तो बादल्या विकत असणार. आमच्याकडे एसी नाही. कूलर आधी मध्यरात्रीनंतर पण चालायचा, आता अकराला बंद करून पंख्यावर झोपतो. कूलर पंपासकट पावणेदोनशे वॅट धरला आणि रोजचे चार तास वाचले तर महिन्याला वीस-एकवीस युनिट. याच्यापेक्षा जास्त फायदा दोन बीएलडीसी (ब्रशलेस मोटरच्या, कमी वीज खाणाऱ्या) पंख्यांनी दिला. जुना पंखा फुल स्पीडला पंच्याहत्तर वॅट खातो, हा तीसच्या आसपास, रोज पंधरा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट. दोन्ही मिळून साठ झाले, आणि महावितरणच्या बिलात शंभर आणि तीनशे युनिटच्या पायऱ्या आहेत, उन्हाळ्यात आम्ही तीनशे ओलांडायचो आणि वरच्या युनिटांना चढा दर लागायचा, ते आता आत राहतं. खरी बचत त्या पायरीची आहे. जानेवारी २०२३ पासून सीलिंग फॅनला स्टार लेबल सक्तीचं आहे, पाच स्टारवाला घ्या, बसवायला जुन्याच हुकला बसतो, मेन स्विच पाडून स्वतः बसवलेत. फक्त जुना रेग्युलेटर काढून थेट लाइन द्यायची, बहुतेक हे पंखे रिमोटवर चालतात. रिमोट हरवतो ही एक नवीन कटकट.

चुन्याबद्दल पण विचारतील कोणीतरी. चुना आणि फेविकॉल कालवून मारतात, पाचशे-सातशेत टेरेस होतं, आणि पहिल्या उन्हाळ्यात काम अगदी छान करतो, पांढरा तो पांढराच. पण पायाला, कपड्याला, वाळवणाला लागतो आणि आपल्या जून-जुलैच्या पावसात अर्धा गटारीत जातो. भाड्याने राहत असाल तर हाच मारा, घरमालकाचं टेरेस नऊ हजार घालून थंड करायची गरज नाही. वर्षाला एक सकाळ गेली तर गेली.

पावसाळ्यानंतर आमच्या कोटवर उत्तरेच्या पॅरापेटच्या सावलीत हिरवट शेवाळ आलं होतं, आणि बाजूला बांधकाम चालू असल्याने फेब्रुवारीपर्यंत सगळंच मळकट, ऊन परत फेकायची ताकद पहिल्या वर्षात पंधरा-वीस टक्के घटणं नेहमीचं आहे. होळीच्या आधी कपड्याच्या साबणाचं पाणी टाकून नायलॉनच्या झाडूने घासलं, बराचसा परत उजळला. तारेचा ब्रश आता लावायचा नाही, कोट निघेल. भेगांतून खोलीत जे ओल धरायचं ते बंद झालं हा बोनस, पण बाथरूमच्या पाइपाजवळची गळती तशीच आहे, ती याचं काम नव्हतीच. पाण्याची टाकी काळी असेल तर तिला हा रंग मारू नका, प्लास्टिकवर टिकत नाही. दिंडोरी रोडला मार्केट यार्डाच्या बाजूला शेतीच्या दुकानांत द्राक्षबागा-नर्सरीवाल्यांचं शेडनेट फुटावर मिळतं, ते चार पाइप ठोकून टाकीवर ताणा, दुपारी नळाला चहा करता येईल असं पाणी येणं थांबेल.

सोलर लावायचा विचार असेल तर कोट आधी मारून घ्या, स्ट्रक्चर उभं राहिलं की त्याखाली रोलर घालताना कंबर मोडते. २०२४ ला आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत सबसिडी आहे, आमच्या गल्लीत त्यामुळे बऱ्याच जणांनी लावलंय. पॅनल दोन्ही बाजूंनी वीज करणारं म्हणजे बायफेशियल असेल तर खालच्या पांढऱ्या टेरेसवरून उडालेलं ऊन त्याला उपयोगीच पडतं, आणि पॅनलच्या सावलीतला स्लॅब तसाही कमी तापतो.

मधल्या मजल्यावाल्यांनी यात पडू नये, तुमच्यावर दुसऱ्याचं घर आहे. तुमचं ऊन पश्चिमेच्या खिडकीतून येतं, तिथे बाहेरच्या बाजूने बांबूची चिक लावा. आतला पडदा कितीही जाड असला तरी ऊन काचेच्या आत आल्यावर अडवण्यात फारसा अर्थ नाही.

आणि पत्र्याचं घर किंवा शेड असेल तर मात्र ताबडतोब मारा, पत्र्याला जाडी नसल्यामुळे फरक त्याच दुपारी कळतो. आधी गंज घासून रेड ऑक्साइडचा हात, तो सुकला की हा कोट. वर चालताना पाय फक्त बोल्टांच्या लाइनीवर ठेवा, खाली लोखंडी पाइप तिथेच असतो, आणि पत्रा सिमेंटचा असेल तर त्याच्यावर चढूच नका, शिडी लावून लांब दांडीच्या रोलरने जेवढं पोचेल तेवढं करा, बाकीचं कामवाल्याला फळी टाकून करू द्या.